एका लेन्थमध्ये एक स्टँड

कोट स्टँड म्हणायचं खरं, पण आमच्या घरात कोट एकच, माझ्या लग्नातला, आणि तो कपाटात डांबरगोळ्यांसोबत झोपलेला असतो. स्टँडवर प्रत्यक्षात येतं ते म्हणजे चार ओले रेनकोट, दोन हेल्मेट, लेकीचं दप्तर, माझी लॅपटॉपची बॅग आणि आईची बाजाराची पिशवी. गेल्या पावसाळ्यात बाजारातून आणलेला एक स्टँड महिन्याभरात डुगडुगायला लागला तेव्हा म्हटलं आपणच करू, आणि करायचाच तर असा करू की उद्या कोणी म्हणालं दोनशे नग पाहिजेत तर ड्रॉइंग तसंच्या तसं वर्कशॉपवर देता आलं पाहिजे. एक नग करायला काय, वेल्डिंग मशीन आणि एक रविवार पुरतो. दोनशे करायचे म्हटलं की सगळी गणितं बदलतात, आणि मजा तिथेच आहे.

पहिला प्रोटो, म्हणजे नमुना, अगदी सगळे करतात तसा केला. मध्ये एक इंची पाइप, खाली तीन पाय वेल्ड केलेले, वर चार हुक. चार का, तर घरात माणसं चार. पाय मध्यापासून ३०० मिमी, हुक बाहेर २२० मिमी, एकूण वजन चार किलोच्या आसपास. दिसायला झकास, काळा स्प्रे मारला, दारामागे ठेवला, व्हॉट्सॅपवर फोटो टाकून कौतुकही करून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून भिजून आलो, बॅग आणि रेनकोट एकाच हुकला अडकवले आणि पाठ वळवली तर धाड. सगळं चपलांच्या रॅकवर आडवं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पडला ना? मला वाटलंच होतं." तिला कसं वाटलं होतं देव जाणे.

मला आधी वाटलं वजन कमी पडतंय, खाली जाड प्लेट लावू. मग रात्री कागदावर काढलं आणि स्वतःचीच कीव आली. तीन पायांची टोकं जोडली की त्रिकोण होतो, आणि स्टँड पडतो तो पायावरून नाही, त्या त्रिकोणाच्या बाजूवरून. पाय ३०० मिमीचा असला तरी बाजू मध्यापासून बरोब्बर निम्म्यावर, १५० मिमीवर येते. चार पाय केले तर हेच अंतर २१२ होतं, पाच केले तर २४३, ऑफिसच्या खुर्चीला पाच पाय असतात ते याचसाठी. आता माझे हुक चार आणि पाय तीन, म्हणजे एक हुक पायाच्या डोक्यावर आला की त्याच्या समोरचा हुक दोन पायांच्या बरोब्बर मध्ये येणार, सगळ्यात वाईट जागी. तिथे हुक बाजूच्या ७० मिमी बाहेर लोंबतोय. चार किलो गुणिले १५० भागिले ७०, साडेआठ किलोला स्टँड जाणार. लॅपटॉपची बॅग, त्यात डबा, चार्जर, पाण्याची बाटली, वर ओला रेनकोट, आणि अडकवताना बसलेला हिसका. गेला की.

मग चार पाय का नाही, असं धाकट्या भावाने विचारलं. कारण आमच्या पॅसेजमध्ये शहाबादी फरशी आहे, आणि शहाबादीवर चार पायांची वस्तू कधी सरळ बसलेली मी पाहिली नाही. चार पाय केले की एकाला तरी लेव्हलिंग स्क्रू हवा, म्हणजे पार्ट वाढला, आणि गिऱ्हाईक तो स्क्रू कधीच फिरवत नाही, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतं. तीन पाय कुठेही टेकतात. म्हणून ठरवलं की पाय तीनच, पण प्रत्येक हुक पायाच्या बरोब्बर डोक्यावर, आणि हुक पायापेक्षा आत. मग सरळ खाली कितीही वजन लटकवा, स्टँड पडूच शकत नाही, कारण वजन त्रिकोणाच्या आतच पडतंय. फक्त जोडणाऱ्याने वरचा भाग चुकीच्या कोनात बसवला तर सगळं मुसळ केरात, आणि घरी जोडायच्या वस्तूत चुकीचं बसवता येत असेल तर कोणीतरी तसं बसवतंच.

यावर दोन आठवडे खाचा, पिना, बाण असलं बरंच काही काढून झालं. मग एकदा बसमध्ये उभा असताना वरच्या कडीच्या दांड्याकडे बघत होतो आणि डोक्यात आलं की हुक आणि पाय एकच पाइप का नको? म्हणजे तीन सारखे पाइप, प्रत्येकाचं खालचं टोक बाहेर वळलेलं, तोच पाय, आणि वरचं टोक त्याच बाजूला बाहेर वळलेलं, तोच हुक. मध्ये तिघांना बांधायला ब्रॅकेट. हुक पायाच्या डोक्यावर आपोआप, चुकवायचा म्हटला तरी चुकत नाही.

आणि आकडे मांडायला घेतले तर लॉटरीच लागली. पाइप बाजारात ६ मीटरच्या लेन्थमध्ये येतो. खालचा तिरका पाय ५०० मिमी (बाहेर ३००, उंची ४००, शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण), मधला सरळ भाग १२००, वरचा हात ४५ अंशात २९०. बेरीज १९९०. तीन पाइपांचे झाले ५९७०, उरलेले ३० मिमी कटिंगला. एका लेन्थमध्ये एक स्टँड, भंगार जवळजवळ शून्य. उंची १८०५ मिमी. खरं सांगतो, पहिल्या स्केचमध्ये पाय ५२० होता, तो मीच ओढूनताणून ५०० वर आणला, पण ३-४-५ निघाल्यावर जो आनंद झाला तो काही खोटा नव्हता.

पाइप घेतला १९ मिमी, १.२ जाडीचा, सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या पत्र्याचा. मीटरला साधारण ५३० ग्रॅम, म्हणजे तीन पाइप मिळून सव्वातीन किलोच्या आत.

आता बेंडिंग. भोसरीत ज्या वर्कशॉपकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा बेंडर आहे ते तीन नगांसाठी मशीन सेट करायला तयार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही, सेटिंगलाच अर्धा दिवस जातो. म्हणून ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडून हायड्रॉलिक बेंडर आणला, तोच जो प्लंबर वापरतात. पाइपमध्ये वाळू भरली, दोन्हीकडे लाकडी बूच ठोकलं, आणि पहिलाच बेंड चपटा. वाळू बदलली, चाळून वाळवून भरली, दुसराही चपटा. मग व्हर्नियर लावून बघितलं तेव्हा कळलं की बेंडरचा अर्धा इंची शू, म्हणजे ज्याच्या खोबणीत पाइप ठेवून वाकवतात तो साचा, असतो पाण्याच्या पाइपसाठी, आणि अर्धा इंची पाण्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी. माझा १९ चा. शूच्या खोबणीत पाइप सैल, बाजूने आधारच नाही, मग फुगून चपटा होणारच. एका जुन्या शूमध्ये पत्र्याची पट्टी वाकवून घातली तेव्हा कुठे बरा बेंड आला.

अजून एक गोष्ट, जी मला फॅब्रिकेटरकडच्या काकांनी सांगितली आणि जी मी तरी कुठल्या व्हिडिओत ऐकली नव्हती. पाइपला आतून बोट किंवा काडी फिरवली की वेल्डची शिवण लागते. ती शिवण बेंडच्या बाहेरच्या बाजूलाही नको आणि आतल्या बाजूलाही नको, कुशीला ठेवायची, कारण तिथे पाइप ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. बाहेर ठेवली तर कधीतरी शिवणीवरच चीर जाते. काका दहावी नापास आहेत असं ते स्वतःच अभिमानाने सांगतात. ड्रॉइंगमध्ये आता मी शिवणीची जागा लिहिलेली आहे.

स्प्रिंगबॅकचा, म्हणजे वाकवून सोडल्यावर पाइप थोडा परत उघडतो त्याचा, त्रास वेगळाच. पायाचा कोन हवा ३७ अंश, ३७ ला थांबलो की सोडल्यावर ३४ व्हायचा, ४० पर्यंत नेला की ३७. पण प्रत्येक पाइपला ते ४० नक्की सारखं येईना, आणि दोन्ही बेंड एकाच पातळीत हवेत तेही हाताने जमेना, एक पाइप जमिनीवर ठेवला तर हुक वर उठलेला. तीनपैकी एक पाइप जरा वेगळा असला की सगळा स्टँड एका बाजूला मान तिरकी करून उभा राहतो, काहीतरी चुकलंय पण काय ते कळत नाही असं दिसतं. शेवटी प्लायवूडवर एकास एक मापात आकार काढला, कडेने खिळे ठोकले, पाइप त्यात आरामात बसला तर पास नाही तर परत वाकवा. या बोर्डने जितकं काम केलं तितकं माझ्या थ्रीडी मॉडेलने केलेलं नाही.

सीएनसीवाल्यांना नंतर ड्रॉइंग दाखवलं तेव्हा ऑपरेटरने दोन मिनिटांत दोन गोष्टी कापल्या. मी बेंडची त्रिज्या ५० दिली होती, त्याच्याकडे १९ च्या पाइपला डाय (वाकवायचा साचा) ६० ची, "५० ची नवीन डाय तुमच्या पैशानं करू का?" म्हणाला. ६० केली, काही फरक पडत नाही. आणि हुकच्या टोकाला मी एक छोटा बेंड दिला होता, रेनकोट घसरू नये म्हणून, त्याच्यापुढे सरळ भाग फक्त ३० मिमी. क्लॅम्पला धरायला जागाच नाही. तो बेंड गेला. आता हुक म्हणजे सरळ ४५ अंशातला दांडा, टोकाला प्लॅस्टिकची एंड कॅप.

ब्रॅकेटने मला सगळ्यात जास्त दमवलं. ३ मिमी पत्र्याची छोटी प्लेट, लेझरने कापलेली, तीन कान खाली दुमडलेले, प्रत्येक कान एका पाइपला आतून टेकतो, आणि बाहेरून बोल्ट आरपार. पहिल्यांदा एम६ चा (६ मिमीचा) बोल्ट आवळला तर १.२ चा पाइप डोळ्यांदेखत चपटा झाला. आत आधाराला बुश, म्हणजे छोटी नळी, घालायची तर नऊ बुश वाढले, आणि जोडताना ते पाइपात पडून हरवणार. मग बाहेरच्या भिंतीला ११ मिमीचं भोक पाडलं, आतल्या भिंतीला साडेसहाचं. ॲलन बोल्टचं डोकं १० मिमीचं, ते बाहेरच्या भोकातून आत जातं आणि आतल्या भिंतीवर बसतं, म्हणजे बोल्ट एकच भिंत कानावर आवळतो, पाइप दाबला जात नाही. वरून भोकाला काळी टोपी. आणि तेच ११ चं भोक पावडर कोटिंगला (चार्ज केलेली रंगाची पावडर फवारून भाजतात ते) पाइप टांगायला कामी आलं, ते बोनस.

पावडर कोटिंगबद्दल एकच सांगतो, ब्रॅकेटला करू नका. आतल्या कोपऱ्यात पावडर जातच नाही, चार्ज कडांवरच ओढला जातो, कोपरे अर्धे उघडे राहतात. शिवाय ६०-८० मायक्रॉनचा थर नटच्या आट्यात बसला की आटे साफ करायला टॅप मारत बसा. ब्रॅकेटला झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा पातळ मुलामा, केलं, नट प्लेटिंगनंतर दाबून बसवले. काळ्या पाइपांमध्ये चंदेरी ब्रॅकेट छानही दिसतात. बायको म्हणाली आधीपासून असंच ठरवलं होतंस ना, मी हो म्हणालो.

दुसरा प्रोटो दोन ब्रॅकेटवर उभा केला, एक खाली ४५० वर आणि एक वर १५५० वर. पडत नव्हता, पण पिरगळायचा, म्हणजे वरून धरून फिरवला की ओलं फडकं पिळल्यासारखा. मध्ये १००० वर तिसरा ब्रॅकेट टाकल्यावर शांत झाला. ब्रॅकेट तिन्ही सारखेच. म्हणजे पाइप तीन, ब्रॅकेट तीन, बोल्ट नऊ, बाकी टोप्या आणि रबरी बुश. सुट्या भागांच्या फर्निचरचं म्हणून थोनेट या फर्निचर कंपनीच्या १४ नंबरच्या खुर्चीचं कायम उदाहरण देतात, १८५९ ची, सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्ट्या करून एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या. मीही मोजायला गेलो आणि तोंडावर पडलो. माझे तीन पाइप एकात एक बसतात पण लांबी १८५ सेंमी. खोका १८५ गुणिले ३५ गुणिले ८ सेंमी, कुरियरवाले या गुणाकाराला ५००० ने भागून वजन धरतात, ते १०.४ किलो, आणि खरं वजन चारच्या आत. म्हणजे निम्म्याहून जास्त भाडं हवेचं. पाइप मध्ये तोडून सांधा दिला तर आठ किलोवर येतं, पण तीन सांधे वाढतात, तीन ठिकाणी डुगडुग वाढते, आणि ज्या डुगडुगीसाठी हा सगळा उद्योग सुरू केला तीच परत घरात. सध्या तरी तोडणार नाही.

तिसरा प्रोटो जूनपासून दारामागे उभा आहे. एका हुकवर २० किलो तांदळाची गोणी दोरीने लटकवून बघितली, ढिम्म हलला नाही. पण दोन दुखणी आहेत. एक म्हणजे सरळ दांड्यावरून रेनकोट घसरून मध्ये गोळा होतात आणि वाळत नाहीत. त्यावर प्रत्येक हुकच्या दांड्यावर दोन ओ-रिंग (रबरी कड्या) चढवल्यात, दिसायला बऱ्या, कामाला उत्तम, आणि बेंडपेक्षा कितीतरी स्वस्त. दुसरं दुखणं मोठं आहे. सरळ खाली वजनाला स्टँड पक्का, पण बाजूने ओढला तर? रिकामा स्टँड ३.७ किलोचा, दोन पायांच्या मधल्या बाजूचं अंतर १६२ मिमी (पाइप मध्यापासून जरा बाहेर आहेत, म्हणून १५० चं १६२), आणि दीड मीटर उंचीवर कोणी ओढलं तर हिशोबाने जेमतेम ४०० ग्रॅमच्या ओढीला कलतो. लेक दप्तर काढताना हुकवरून उचलत नाही, पट्टा धरून ओढते. दोनदा मी पकडला.

वाळू भरून पाय जड करावेत असं वाटलं होतं, पण १९ च्या पाइपात अर्ध्या मीटरला पावणेदोनशे ग्रॅम वाळू मावते, तिन्ही मिळून अर्धा किलो. त्यासाठी कोण वाळू भरत बसणार, आणि दोनशे नगांना तर नाहीच. खालच्या ब्रॅकेटवर जाड प्लेटचा छत्रीचा ट्रे बसवला तर वजनही वाढेल आणि ठिबकणारं पाणीही फरशीवर येणार नाही, पण चौथा पार्ट आला. दुसरा रस्ता म्हणजे मधल्या सरळ भागातले १५० मिमी काढून पायाला देणं, पाय ६५०, सरळ भाग १०५०, बेरीज तीच १९९०, उंची १७७५, मधलं अंतर १६२ वरून २०७. पॅसेजमध्ये पाय लागेल अशी आईची तक्रार येणार हे नक्की, ओढ ४०० वरून फक्त ५०० ग्रॅमवर जाते हेही खरं. दोन्ही एकत्र करून बघणार आहे. ट्रेचा पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवलाय, ६५० च्या पायासाठी प्लायवूडच्या बोर्डवर खिळे हलवायचेत, आणि काकांकडचा बेंडर शनिवारी रिकामा आहे.