एकसष्टाव्या वर्षी स्कूटर

आज रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलावरून स्कूटर मी चालवली! वय ६१, लर्निंग लायसन्स, मागे सूनबाई. तीस वर्षं एसटीच्या खिडकीतून काजळी नदी समुद्राला मिळताना बघत आले. आज मात्र नजर रस्त्यावरून हललीच नाही. उजवीकडून समुद्राचा वारा असा अंगावर आला की खांदे आखडले.

गिअर नाही, क्लच नाही. डाव्या हाताला मागचा ब्रेक, उजव्या हाताला पुढचा. "आई, वाळू दिसली की पुढचा एकदम दाबायचा नाही, चाक घसरतं," हे सुनेने चारदा बजावलेलं. सुरूच्या बनापाशी वाळू आलेलीच होती. वेग आधीच कमी केला, हँडल सरळ धरलं, निघाले पार.

झरी विनायकापाशी उतरले तेव्हा हात थरथरत होते. देवळात जाऊन आले. उद्या पावसच्या रस्त्याला थोडं पुढे.