मुंजाने हडळीला काय म्हणायचं?

अकरावी-बारावीची दोन वर्षं, २००५ ते २००७, मी कोल्हापुरात एका वसतिगृहात काढली. एका खोलीत चौघं. नावं होती, पण हाका गावावरून. वेंगुर्ला, जत, चंदगड आणि मी कऱ्हाड. तेव्हा लोडशेडिंग होतं. दिवे गेले की रेक्टर एक मेणबत्ती द्यायचे, ती संपेपर्यंत अभ्यास करा म्हणायचे. अभ्यास कुणी केला नाही, गोष्ट मात्र जवळजवळ दीड वर्ष चालली.

सुरुवात माझ्यामुळे झाली. आमच्या गावाजवळ पुणे-बंगळूर हायवे चौपदरी करताना एक पिंपळ पाडला होता. त्यावर मुंजा आहे असं आजी सांगायची. मुंज झाली, सोडमुंज व्हायची होती, त्याआधीच मेलेला पोरगा. मी सहज म्हणालो, "आता तो कुठं राहत असेल?"

"माका काय इचारतस?" वेंगुर्ला म्हणाला. "बाहेर पडात, झाड शोधीत फिरात."

झालं. मुंजा निघाला झाड शोधायला.

नियम एकच होता, आणि तो जतनं घातला. भुताच्या अंगचं जे आहे ते बदलायचं नाही. हडळीचे पाय उलटे म्हणजे उलटेच. चकवा वाट चुकवणार म्हणजे आपल्या माणसांनासुद्धा चुकवणार. गोष्ट अडली तर अडू दे, पण सोयीसाठी कुणाचे पाय सरळ करायचे नाहीत. माझ्या मते आमची गोष्ट चांगली झाली ती या हट्टामुळेच.

ज्याच्या त्याच्या गावाकडून पात्रं येत गेली. जतकडून साती आसरा आल्या. विहिरीकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या. त्यांची विहीर दुष्काळात आटली, म्हणून त्याही बेघर. पाण्याबाहेर त्यांना राहता येत नाही, मग प्रवास कसा करायचा? जत म्हणाला, "टँकरनं. आमच्याकडं पाणी दुसऱ्या कशानं जातंय लगा?" तेव्हापासून सातीजणी टँकरमध्ये, आणि ड्रायव्हरच्या जागी चकवा. त्यामुळे टँकर कुठल्याच गावाला वेळेवर पोचायचा नाही. जतच्या म्हणण्याप्रमाणे एवढाच भाग शंभर टक्के खरा होता.

वेंगुर्ल्यानं वेतोबा आणला. त्याच्या गावाजवळ, शिरोड्याच्या अलीकडे, आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथं नवसाला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, हातभर लांब. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे वहाणा झिजतात. वेंगुर्ला हे सांगताना आवाज खाली आणायचा. वेतोबा म्हणजे भुतांचा राजा, तो काही पोरासोबत गावोगाव हिंडणार नाही. त्यानं मुंजाला आपली झिजलेली एक वहाण दिली. ती पायात घालायला फार मोठी, म्हणून मुंजा रात्री तिच्यात झोपायचा.

चंदगड बोलायचा कमी. त्याची आई लहानपणीच गेली होती एवढंच आम्हाला माहीत होतं. बरेच दिवस त्यानं एकही भूत दिलं नाही. मग एका रात्री म्हणाला, "हडळ घ्या." बाळंतपणात गेलेली बाई. बाळही गेलं आणि तीही.

हडळ आली आणि भांडण सुरू झालं. मुंजानं तिला हाक काय मारायची? आसरांचं सोपं होतं, त्या म्हसोबाच्या बहिणी, म्हणून सगळ्या मिळून आत्या. हडळीला मी वहिनी म्हटलं, वेंगुर्ला काकी म्हणत होता, जतला मावशी पाहिजे होती. तीन रात्री यातच गेल्या. तिसऱ्या रात्री आमच्यातलाच एक म्हणाला (कोण ते लिहीत नाही, आज त्याला ते आवडणार नाही), "मुंजा बामणाचा. हडळ कुणाची?"

कुणी काहीच बोललं नाही. मेणबत्ती बरीच उरली होती, तरी झोपलो.

पुढचे चार-पाच दिवस गोष्ट बंद. मग जतनं एक देवऋषी आणला. हा भुतं बाटलीत कोंडायचा आणि वर मेणाचं बूच मारायचा. तो हडळीच्या मागावर निघाला. मला वाटलं, हे तर सोपं आहे. तिचे पाय उलटे, माग काढणारा उलट्या दिशेला जाणार. मी तसं सांगितलं आणि जिंकल्यासारखा बसलो.

जत म्हणाला, "आणि मुंजाचं पाय? ते सरळ हैत. शेजारी शेजारी उमटणार. देवऋषी काय आंधळा हाय?"

खरंच होतं. नियमाप्रमाणे आम्ही फसलो होतो. वेंगुर्ला म्हणाला, पोरग्याक टँकरात घाला. पण टँकर चकव्याच्या हातात, तो कधी येणार याचा नेम नाही. बराच वेळ असंच चाललं.

"मग ती त्याला कडेवर घेईल," चंदगड म्हणाला.

पुढचं सगळं त्या रात्री त्यानंच सांगितलं. ओढ्याची वाळू, हडळ पळतेय, पोरगं कडेवर, वाळूत एकाच जोडीचे माग आणि तेही उलटे. देवऋषी मंत्र म्हणत भलतीकडे चाललाय. मध्येच ती दगडाला ठेचकाळली आणि मुंजा ओरडला, "आये, पड्शील!"

तीन रात्री ज्यावर भांडलो ते असं निघून गेलं. सकाळी मेसमध्ये त्यावर कुणी बोललं नाही.

पुढं कधीतरी महाभारताचं सभापर्व वाचताना जरा नावाची राक्षसी भेटली. मगधाच्या बृहद्रथाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं, ते चव्हाट्यावर टाकून दिलं. जरेनं दोन्ही शकलं उचलली, एकत्र धरली, आणि मूल जिवंत झालं. तिनं ते राजाला नेऊन दिलं. राजानं पोराला तिचंच नाव दिलं, जरासंध, आणि राज्यात तिचा उत्सव ठरवला. ती म्हणते, जो मला मुलांसह भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल. मी तो भाग फोटो काढून चौघांच्या ग्रुपवर टाकला. चंदगडचं उत्तर रात्री उशिरा आलं. "परत कशाला दिलं?"

गोष्ट संपली नाही. बारावीची परीक्षा आली, मुंजा झाडाशिवायच राहिला. गेल्या डिसेंबरात चौघं आरवलीला गेलो. वेतोबाची मूर्ती माणसाहून पुष्कळ उंच, समोर घडच्या घड केळी. वहाणांचा ढीग पाहून जत हळूच म्हणाला, "ह्यातल्या एकीत पोरगं मावंल की." बाहेर आलो तर चंदगडच्या चपला गायब. वेंगुर्ला म्हणाला, "देवान न्हेल्यान. नवी घे." पुढं शिरोड्याला चहा प्यायला गेलो, चंदगड अनवाणीच.

चहा पिताना मी विषय काढला. पोराला झाड द्यायला हवं. मी म्हटलं, इथलाच एखादा फणस देऊ, वेतोबाच्या नजरेखाली राहील. वेंगुर्ला उखडला. "फणस? वेतोबाची मूर्ती आदी फणसाची होती. आरवलीत घराक फणसाचा लाकूड लावणत नाय, आनि तू थय भूत ठेवतस?"

"मग वड," मी म्हणालो.

"मुंजा पिंपळाशिवाय ऱ्हातोय व्हय?" जत म्हणाला. "नियम म्हंजे नियम."

चंदगडनं दुसरा चहा सांगितला.