कुणी पश्चिमेकडे, कुणी पूर्वेकडे : सुरीनाममधले मुसलमान

इस्लामी सहकार्य संघटनेत, म्हणजे ओआयसीत, ५७ सदस्य आहेत. हे नाव ऐकलं की सौदी अरेबिया, इराण, तुर्की, पाकिस्तान, इंडोनेशिया असे देश आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण अख्ख्या दक्षिण अमेरिका खंडातले दोन देशही या यादीत आहेत, सुरीनाम आणि गयाना. सुरीनाम १९९६ साली सदस्य झाला, गयाना १९९८ साली. सुरीनामच्या २०१२ च्या जनगणनेत मुसलमान होते जेमतेम १४ टक्के. हिंदू त्यांच्याहून जास्त, २२ टक्के, आणि जवळजवळ निम्मी प्रजा ख्रिस्ती. असा देश मुस्लिम राष्ट्रांच्या संघटनेत कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं घर करून होता.

मी हेगमध्ये राहते. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे तिथली फार मोठी लोकसंख्या नेदरलँड्सला निघून आली आणि त्यातले भारतीय वंशाचे लोक हेगमध्ये पुष्कळ आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाची त्यांच्यातल्याच. ईदला त्यांच्याकडून शेवया येतात, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जातात. त्यांची भाषा सरनामी, भोजपुरी-अवधीच्या पोटातून निघालेली; हिंदीच्या आधाराने मला ती बऱ्यापैकी समजते. "एकदा आमचा मुलूख बघून ये," हे त्या मला दरवर्षी सांगत आल्या होत्या. शेवटी गेले.

आम्स्टरडामहून विमानाला साधारण नऊ तास लागतात. विमानतळ राजधानी पारामारिबोपासून ४५ किलोमीटर लांब, झांडरेइ गावाजवळ. मला न्यायला आले होते चाचींच्या माहेरचे एक नातेवाईक. सत्तरीचे, पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी. मी त्यांना चाचाजी म्हटलं, त्यांनी मला बेटी म्हटलं आणि गाडी निघाली. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. वाटेत एका घराच्या अंगणात लाल-पांढरी झेंडी लावलेले बांबू दिसले, तिथे पूजा झालेली. पुढे एक छोटी मशीद, मग चर्च, मग चिनी माणसाचं किराणा दुकान. चाचाजींना त्यात दाखवण्यासारखं काही वाटत नव्हतं, ते मला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल सांगत होते.

पारामारिबोचा जुना भाग लाकडी घरांचा आहे. पांढरा रंग, हिरव्या खिडक्या, खाली विटांचा चौथरा. २००२ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पण मला बघायची होती कायझरस्ट्राट. या रस्त्यावर चार मिनारांची मोठी पांढरी मशीद आहे आणि तिला अगदी लागून, मध्ये फक्त कुंपण, ज्यूंचं नेवे शालोम हे सिनेगॉग. इंटरनेटवर या जोडीचे फोटो खूप फिरतात. फोटोत मात्र लक्षात येत नाही की हा शेजार किती जुना आहे. सिनेगॉगच्या जागेवर अठराव्या शतकापासून प्रार्थना होते आहे. मशीद आली १९३२ साली, तेव्हा ती लाकडी होती. आजची इमारत १९८४ ची. सिनेगॉगच्या आत जमिनीवर वाळू पसरलेली असते. ज्यूंचे पूर्वज इजिप्तमधून निघाल्यानंतरच्या वाळवंटातल्या वर्षांची ती आठवण असं एक कारण सांगतात. दुसरं कारण जास्त अंगावर येतं: स्पेन-पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालयाच्या काळात लपूनछपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू टाकत असत. तिथून जीव वाचवून निघालेल्यांचे वंशज इथे आले. सणावारी गाड्या लावायला जागा कमी पडली की दोन्हीकडचे लोक एकमेकांचं आवार वापरतात, असं चाचाजींनी सांगितलं.

मशिदीच्या आत मला कुणी अडवलं नाही. डोक्यावर ओढणी घेतली, चपला बाहेर काढल्या. ही मशीद अहमदिया पंथाच्या लाहोर शाखेशी जोडलेल्या संघटनेची आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ओआयसीचाच सदस्य असलेल्या पाकिस्तानने १९७४ साली घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलं. आणि त्याच संघटनेच्या दुसऱ्या सदस्य देशात राजधानीतली सगळ्यात देखणी मशीद त्यांची आहे. चाचाजी स्वतः सुन्नी. त्यांचा या लोकांशी मतभेद आहे, तो त्यांनी लपवला नाही. "पण शेजारी आहेत, लग्नाला बोलावतो," म्हणाले.

हे सगळे लोक इथे आले कसे? डचांनी १८६३ साली गुलामगिरी संपवली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर कराराने राबवलं. ती मुदत १८७३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी जून महिन्यात 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून पहिले भारतीय मजूर घेऊन पारामारिबोला लागलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, पाच वर्षांच्या करारावर, उसाच्या आणि कोकोच्या मळ्यांत. मोठा भाग हिंदू, थोडे मुसलमान, पण जहाज एकच आणि बराकीही एकच. ज्या जागी त्यांना उतरवून ठेवायचे तिथे आता 'बाबा आणि माई' यांचा पुतळा आहे. बाबाच्या हातात काठी, माईच्या हातात बोचकं. त्याच पुतळ्याची प्रतिकृती कोलकात्यात हुगळीकाठी, सुरीनाम घाटावर आहे; २०१५ साली तिचं अनावरण सुषमा स्वराज यांनी केलं होतं.

स्वराज यांचं नाव इथे आणखी एका कारणाने आठवतं. मार्च २०१९ मध्ये अबू धाबीला ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत त्या सन्माननीय पाहुण्या होत्या आणि त्यामुळे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री तिकडे फिरकले नाहीत. याला त्याच्याही पन्नास वर्षं आधीची पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत आग लावण्यात आली, त्यानंतर सप्टेंबरमध्ये मोरोक्कोच्या रबात शहरात मुस्लिम देशांची पहिली शिखर परिषद भरली. ओआयसीचा जन्म तिथला. भारतालाही आमंत्रण होतं. फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली आपलं शिष्टमंडळ रबातला पोचलंसुद्धा, पण पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान अडून बसले आणि भारताला पुढच्या बैठकीतून बाहेर राहावं लागलं. २०११ च्या जनगणनेनुसार १७ कोटींवर मुसलमान असलेला आपला देश त्या टेबलावर नाही, आणि सहा-सात लाखांच्या लोकसंख्येचा सुरीनाम आहे. मला यात सुरीनामचं काही चुकलं असं वाटत नाही. छोट्या देशाला जगात जिथे जिथे खुर्ची मिळेल तिथे बसणं भाग असतं. सुरीनाम इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचाही सदस्य आहे आणि तिथून कर्ज मिळतं. पण सदस्यत्वाच्या यादीवरून कुठल्या देशात मुसलमान कसे राहतात हे ठरवू पाहणं मात्र मला आता पटेनासं झालं आहे.

सुरीनाममधल्या मुसलमानांत मोठा वाटा जावानीजांचा. हिंदुस्थानातून मजूर आणायचे तर इंग्रजांची परवानगी लागे, म्हणून डचांनी स्वतःच्या ताब्यातल्या जावा बेटावरून १८९० पासून माणसं आणायला सुरुवात केली. १९३९ पर्यंत ३३ हजारांच्या आसपास लोक आले. जावाहून मक्का पश्चिमेला. घरी असताना ते पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढत. इथे आल्यावरही त्यांनी मशिदी बांधल्या त्या पश्चिमेकडे तोंड करून. अर्धी पृथ्वी ओलांडून आल्यामुळे मक्का आता पूर्वेला आली होती, पण बापजाद्यांची दिशा त्यांनी सोडली नाही.

१९३० च्या दशकात त्यांच्यातल्याच सुधारकांनी हा प्रश्न उभा केला. किब्ला, म्हणजे नमाजासाठीची मक्केची दिशा, पूर्वेला आहे, तर तोंडही पूर्वेला हवं. यावरून समाजात दोन तट पडले, 'पश्चिमवाले' आणि 'पूर्ववाले', आणि ते आजही आहेत. वाद केवळ दिशेचा नाही. पश्चिमवाल्यांनी जावातले जुने विधी जपले, विशेषतः स्लामेतान, म्हणजे जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून केलेलं जेवण आणि प्रार्थना. पूर्ववाल्यांना त्यातलं बरंचसं धर्माबाहेरचं वाटतं.

मला हे सगळं नीट समजलं ते ब्लाउग्रोंडमध्ये. हा पारामारिबोचा जावानीज खानावळींचा भाग. खानावळीला ते वारुंग म्हणतात. संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे लागतात आणि तळणाचा वास सुटतो. मी साओतो मागवलं: कोंबडीचा पातळ, झणझणीत रस्सा, त्यात मोड आलेलं कडधान्य, बटाट्याच्या कुरकुरीत काड्या, उकडलेलं अंडं आणि बाजूला भात. सोबत दावेत, नारळाच्या दुधाचं गुलाबी सरबत. वारुंगच्या मालकीणबाई साठीच्या होत्या, आमचं बोलणं डचमध्ये. मी दिशेबद्दल विचारल्यावर त्या पदर खोचून बसाव्यात तशा खुर्ची ओढून बसल्या. त्यांचे आजोबा पश्चिमेकडे तोंड करायचे, मोठे भाऊ पूर्वेकडे करतात. वडील गेले तेव्हा घरात दोन दिवस वाद चालला, स्लामेतान करायचं की नाही. शेवटी आईने केलं आणि भाऊ जेवायला थांबले, प्रार्थनेला नाही. "तुम्ही स्वतः कुठे तोंड करता?" मी विचारलं. "पूर्वेकडे. पण स्लामेतानचं जेवण मीच बनवते." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

परत जायची ओढही या लोकांना होती. १९५४ साली सुमारे हजार जावानीज जहाजाने इंडोनेशियाला परत गेले आणि सुमात्रातल्या तोंगार इथे वसले. बाईंचे एक चुलत आजोबा त्यात होते. राहिलेले इथलेच झाले.

दुसऱ्या दिवशी सुरीनाम नदीवरचा उंच पूल ओलांडून कॉमेवेइने जिल्ह्यात गेलो. १६६७ च्या ब्रेडा तहात डचांनी सुरीनाम ठेवून घेतलं आणि इंग्रजांकडे राहिलं निव आम्स्टरडाम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क. त्या काळी डचांना सौदा फायद्याचा वाटला तो या नदीकाठच्या मळ्यांच्या जमिनीमुळे. इथेच मारिएनबुर्गचा साखर कारखाना आहे, आता गंजलेला, यंत्रांतून झाडं उगवलेली. जुलै १९०२ मध्ये कमी मजुरी आणि बायकांवरचे अत्याचार असह्य होऊन भारतीय मजुरांनी इथल्या व्यवस्थापकाला, जेम्स मेव्हरला, ठार मारलं. वसाहतीच्या सैन्याने गोळीबार केला. त्यात २४ मजूर मेले आणि त्यांना एकाच खड्ड्यात चुन्याखाली पुरलं. तो खड्डा नेमका कुठे आहे हे आजवर सापडलेलं नाही. २००६ पासून तिथे एक स्मारक उभं आहे. त्या खड्ड्यात हिंदू किती, मुसलमान किती, हे चाचाजींना मी विचारणार होते, पण त्यांनी हात पसरून दुआ मागायला सुरुवात केली होती, सगळ्यांसाठी एकच.

रविवारी सकाळी स्वातंत्र्य चौकात पुरुषमंडळी पिंजऱ्यातले पक्षी घेऊन येतात आणि गाण्याच्या स्पर्धा लागतात. ते पाहायला लवकर उठा. आणि नाश्त्याला बारा खा, उडदाच्या पिठाचा, हिरव्या चटणीबरोबर. होळी इथे फगवा म्हणून साजरी होते, तिला सार्वजनिक सुट्टी. ईदलाही सुट्टी, दिवाळीलाही. प्रवासाची तारीख ठरवताना यांपैकी एखादा दिवस मिळाला तर जरूर साधा, फक्त त्या दिवशी बँका आणि बहुतेक दुकानं बंद असतात हे ध्यानात ठेवा.

शेवटचे दिवस मी पश्चिमेच्या निकेरी जिल्ह्यात घालवले. भाताची शेतं, पाटाचं पाणी, हिंदुस्थानी आणि जावानीज शेतकरी शेजारीशेजारी. इथून पुढे कोरंटाइन नदी, तीच सरहद्द. साउथ ड्रेनहून फेरीबोट पलीकडे गयानाला जाते. तिथे डच संपते, इंग्रजी सुरू होते, आणि तो दक्षिण अमेरिकेतला ओआयसीचा दुसरा सदस्य. चाचाजींच्या आत्याचं घर पलीकडे आहे. फेरीची वेळ सकाळची असते आणि रांग लांब लागते, म्हणून आम्ही अंधारातच निघायचं ठरवलं.