होस्टेलच्या रूमसाठी मॉनिटर की टीव्ही? इंच नंतर बघा, आधी टेप लावा

सध्या ॲडमिशनचा सीझन चालूय, देवास, धार, खंडवा, बऱ्हाणपूर सगळीकडून नातेवाइकांची मुलं इंदूरला येतायत, भंवरकुआँच्या आसपास रूम बघणं चालूय, आणि गादी, बादली, कूलर झालं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, रूममध्ये टीव्ही लावायचा की लॅपटॉपला मॉनिटर जोडायचा. आमच्या आत्याचा तर सरळ आग्रह होता, "अरे, जवळपास तेवढ्याच पैशात ३२ इंची टीव्ही येतोय ना, मग हा २४ इंची कशाला? पोरगं अभ्यास करून दमलं की काहीतरी बघेल तरी त्यावर." आत्याचं बोलणं उगाच नाहीये, दुकानात दोन्ही शेजारीशेजारी ठेवले तर कुणीही मोठ्याकडेच बोट दाखवेल. पण हा पडदा पोराच्या डोळ्यांसमोर चार वर्षं राहणारे, रोज तासन् तास, म्हणून ह्यावर जरा सविस्तर लिहायचंच असं ठरवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्ही ही लांबून बघायची वस्तू आहे आणि मॉनिटर जवळ बसून वाचायची, आणि होस्टेलच्या रूममध्ये लांब जायला जागाच नसते. तेव्हा दुकानात जायच्या आधी रूमवर मेजरिंग टेप घेऊन जा. खुर्चीवर जसे रोज बसता तसे बसा आणि डोळ्यांपासून टेबलाच्या मागच्या भिंतीपर्यंत किती अंतर भरतं ते कुणाकडून तरी मोजून घ्या. आमच्या आतेभावाच्या रूमचं सांगतो, दोन पलंग, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, मधे चालायला जेमतेम वाट, आणि टेबलाची खोली दीड फुटाच्या जरा वर. म्हणजे पडदा कितीही मागे सरकवला तरी डोळ्यांपासून दोन-सव्वादोन फुटांवरच येणार. भंवरकुआँकडच्या बहुतेक रूम साधारण अशाच असतात, दोनाच्या जागी तीन पलंग असले तर आणखीच आनंद.

आता ह्या दोन फुटांवर होतं काय ते बघा. ३२ इंचात जे स्वस्त टीव्ही मिळतात ना, त्यातले बरेचसे 'एचडी रेडी' असतात, म्हणजे आडवे १३६६ ठिपके आणि उभे ७६८. २४ इंची मॉनिटर आज घ्याल तो फुल एचडी, १९२० बाय १०८०. म्हणजे टीव्ही आकाराने मोठा पण ठिपके निम्म्याहून थोडेसेच जास्त, आणि तेच ठिपके मोठ्या काचेवर पसरलेले, त्यामुळे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. मॉनिटरचा पाव मिलिमीटरच्या थोडा वर. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो असं धरतात, त्या हिशोबाने त्या टीव्हीचे ठिपके एकमेकांत मिसळून गुळगुळीत दिसायला तुम्ही जवळजवळ सहा फूट लांब बसायला हवं, मॉनिटरला तीन फूट पुरतात. सहा फुटांवरून बघितलं तर त्या टीव्हीत काही खोट नाही, घरच्या हॉलमध्ये तो मस्तच दिसतो, पण ते सहा फूट रूममध्ये आणणार कुठून?

आणि हे आकड्यांचं खरं वाटत नसेल तर दुकानात करून बघा, मी आतेभावाला हेच करायला लावलं. जेल रोडवर एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो, आधी टीव्हीला जोडला आणि त्याच्या रूममेटने पाठवलेली एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची, हिंदी पीडीएफ उघडली, नेहमीच्या साइजला, झूम न करता, आणि दोन फुटांवर उभे राहिलो. इंग्रजी अक्षरं एकवेळ ठीक होती, पण आपली देवनागरी, अरे बापरे. अनुस्वाराचा टिंब वरच्या रेषेला चिकटलेला, रफार आणि वेलांटी एकमेकांत घुसलेली, 'द्ध' आहे की 'द्व' ते अंदाजाने वाचायचं, 'क्ष'च्या पोटात तर काळा डागच. दुकानदार म्हणत होता, "भिया, पिक्चर लगा के देखो ना, क्या कलर हैं." कलर खरंच छान होते. पण पोरगं रात्री दोन वाजता तिथे राज्यघटनेचे अनुच्छेद वाचणारे की कलर बघणारे? मग तीच फाइल, तेच पान, शेजारच्या २४ इंची मॉनिटरवर लावली आणि आतेभाऊ स्वतःच म्हणाला, "दादा, हाच."

हिंदी किंवा मराठीत नोट्स वाचणाऱ्यांनी तर ही टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊच नका असं मी सांगेन, कारण रिव्ह्यू करणारे बहुतेक इंग्रजी मजकुरावर टेस्ट करतात आणि आपल्या मात्रा, जोडाक्षरं बारीक ठिपके मागतात.

टीव्हीला लॅपटॉप जोडला की आणखी दोन-तीन गोष्टी होतात त्या माहीत असू द्या. पहिली म्हणजे कडा कापल्या जातात, खालचा टास्कबार अर्धा गायब, वरचं बंद करायचं बटण बाहेर. ही जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातली पद्धत आहे, तेव्हा चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा लपवायचा, आणि ती सवय आजच्या सपाट टीव्हीतही शिल्लक आहे. सेटिंगमध्ये पिक्चर साइज किंवा आस्पेक्टमध्ये जाऊन 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असलं काही मिळालं तर ते ऑन करायचं. दुसरी गोष्ट, बरेच टीव्ही कंप्युटरच्या सिग्नलमधली रंगाची माहिती कमी करून दाखवतात, सिनेमात ते कळतसुद्धा नाही, पण कोडिंग करणाऱ्यांचं ते काळं बॅकग्राउंड आणि त्यावर लाल-निळी अक्षरं असतात ना, तिथे अक्षरांच्या कडा फिसकटतात. ज्या टीव्हीत एचडीएमआय इनपुटला पीसी मोड देता येतो तिथे हे बरंच सुधारतं, म्हणून ज्यांच्याकडे आधीच टीव्ही आहे त्यांनी आज रात्रीच ते सेटिंग शोधा. तिसरी, टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात थोडा उशीर लावतो, माउस हलवला की बाण जरा मागून येतो, गेम खेळणाऱ्यांना तर लगेच जाणवतं. गेम मोड लावला की तो उशीर कमी होतो.

आता वायफाय. हे दुकानात कोणी सांगत नाही आणि होस्टेलमध्ये पहिल्याच रात्री समोर येतं. कॉलेजच्या किंवा मोठ्या होस्टेलच्या वायफायला नुसता पासवर्ड नसतो, ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं, तिथे आयडी टाकायचा. लॅपटॉपवर ते सहज होतं, स्मार्ट टीव्हीवर बऱ्याचदा ते पान उघडतच नाही, आणि मग त्या स्मार्ट टीव्हीचं सगळं स्मार्टपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, डेटा संपेपर्यंत. मॉनिटरला हा प्रश्नच येत नाही, लॅपटॉप लॉगिन झालेला आहे, केबल लावली, सुरू. आणि हो, नेटफ्लिक्सचा मोबाइलवाला प्लॅन असेल तर तो फोन आणि टॅबलेटवरच चालतो, टीव्ही घ्या नाहीतर मॉनिटर, प्लॅन वरचा घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा.

आवाजाच्या बाबतीत टीव्ही पुढे आहे, हे मान्य केलंच पाहिजे. स्वस्त मॉनिटरमध्ये स्पीकर नसतात, असले तरी अगदी किरकोळ. पण दोन जणांच्या रूममध्ये एक झोपलेला असताना दुसऱ्याने स्पीकरवर काही लावायचं नसतंच, हेडफोनच लावायचे असतात, तेव्हा मॉनिटरच्या मागे हेडफोनचं जॅक आहे ना एवढं बघून घ्या, आवाज एचडीएमआयमधूनच येतो आणि जॅकमधून कानात.

मग टीव्ही कोणी घ्यावा? मी टीव्हीच्या विरोधात अजिबात नाही. चार जणांनी मिळून फ्लॅट घेतलाय, हॉल आहे, भिंतीपासून दिवाणापर्यंत आठ-दहा फूट आहेत, मॅच एकत्र बघता, तिथे टीव्हीच घ्या, ४३ इंचांचा घ्या आणि चौघांत वाटून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर तो आधीपासूनच १८ होता. मॅचची मजा मोठ्या पडद्यावर आणि चार जणांतच आहे, नंतर इंडिया जिंकली की सगळे मिळून राजवाड्यावर जाताच. आणि ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाहीये, फोनवरच सगळं चालतं, त्यांनाही टीव्ही बरा पडतो.

पण तोच ४३ इंची टेबलावर ठेवायचा विचार काही मुलं करतात, फोर के आहे, म्हणजे ३८४० बाय २१६०, ठिपके भरपूर आहेत, मग काय हरकत. ठिपक्यांच्या बाजूने हरकत काहीच नाही, हिशोबाने तो २४ इंची फुल एचडीपेक्षा थोडा बारीकच पडतो. पण रुंदी ९५ सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांचं टेबल पूर्ण भरून वर बाहेर येणार, वही ठेवायला जागा नाही, आणि दोन फुटांवरून ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघायला मान सारखी फिरवत राहायची. मानेचं दुखणं विसाव्या वर्षी लावून घ्यायचं काही कारण नाही. २४ इंची ५३ सेंटिमीटर रुंद असतो, २७ इंची ६०, वहीला, पाण्याच्या बाटलीला, दिव्याला जागा राहते. २७ घेणार असाल तर मात्र १४४० वाला, म्हणजे २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्या, फुल एचडीमध्ये २७ घेतलात तर अक्षरं परत जाडी व्हायला लागतात, त्यापेक्षा २४ च चांगला.

पलंगावर आडवं पडून बघायचंय हे पण खरंच आहे, ते कोण नाकारणार. त्यासाठी आयपीएस पॅनेल घ्या, बाजूने बघितलं तरी रंग टिकून राहतात, जुन्या टीएन पॅनेलला पलंगावरून बघितलं की चेहरे करडे दिसतात. रिमोट पाहिजेच असेल तर एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक घ्या, किंवा सॅमसंगसारख्यांचे स्मार्ट मॉनिटर येतात, त्यात ॲप आतच असतात आणि लॅपटॉप न लावता चालतात. पैसे जास्त लागतात, पण दोन्ही कामं एकाच वस्तूकडून करून घ्यायची असतील तर हा रस्ता टीव्हीपेक्षा मला जास्त पटतो.

घ्यायला जाल तेव्हा आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये कंप्युटरवाल्यांची दुकानं आहेत तिथे एक चक्कर मारा, जेल रोडही बघा, ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवा. मॉनिटरवर साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते आणि टीव्हीवर बऱ्याचदा एकच, हा फरक पावतीवर लिहून घ्या, कारण चार वर्षांच्या कोर्समध्ये त्याला फार किंमत आहे. लॅपटॉपला कोणता पोर्ट आहे ते आधी बघा, नुसता टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही, बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये तो चार्जिंग नाहीतर डेटापुरताच असतो, म्हणून एचडीएमआय आहे ना ते बघा आणि केबल दुकानातच लावून बघा. पूर्ण पांढरी आणि मग पूर्ण काळी इमेज लावून मेलेले ठिपके शोधा, पाच मिनिटं लागतात, दुकानदार घाई करेल, करू द्या.

विजेचं म्हणाल तर २४ इंची मॉनिटर साधारण २० वॅट खातो, रोज सहा तास धरले तरी महिन्याला चार युनिटच्या आत, काही पीजीवाले टीव्हीचे वेगळे पैसे लावतात पण मॉनिटर अभ्यासाचं सामान म्हणून चालवून घेतात, तरी आधी विचारून घ्या. एक स्पाइक गार्ड मात्र घ्याच.

आत्याला शेवटी पटलं ते वेगळ्याच कारणाने. सुट्टीत रूम खाली करायची असते, मॉनिटरचा स्टँड निघतो, मूळच्या खोक्यात थर्माकोलसकट बसतो आणि देवासच्या बसमध्ये मांडीवर घेऊन येता येतो. तेव्हा ते खोकं टाकू नका, कपाटावर चढवून ठेवा, आणि स्टँडचे स्क्रू एका पाकिटात घालून त्यालाच चिकटवून टाका.