चतुर्थीला सकाळी वाशिष्ठीच्या चिखलात उतरू नका

जुनी फायबर होडी बघायला वाशिष्ठी खाडीत जाणार असाल, तर विकणाऱ्याला फोन लावण्याआधी पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊला, आणि खाडीत आत गेलं की त्याहूनही उशिरा. मला बोलावलं होतं फाल्गुन वद्य चतुर्थीला सकाळी साडेनऊला. वर सांगितलं होतं, "पाणी भरपूर असतं, रस्त्यापासून पाच मिनिटं."

पाणी नव्हतंच. रस्ता संपतो तिथून होडीपर्यंत नुसता चिखल, सुरुवातीला घोट्याएवढा आणि पुढे मांडीपर्यंत. एक पाय उपसेपर्यंत दुसरा खाली जातो. आधाराला तिवराचं मूळ धरावं तर त्यावर कालवं बसलेली, त्यांच्या कडेने तळहात कापतो. ट्रेकिंगचे बूट इथे निरुपयोगी आहेत, चिखल ते ओढूनच घेतो. घोट्याला पट्टा असलेल्या जाड तळाच्या रबरी सँडल घाला, हातात जाड मोजे आणि एक लांब काठी. पायांशी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. कौतुक वाटण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, कारण त्याच वेळी समोरच्या काठावरचा काळपट ओंडका सरकला आणि पाण्यात शिरला.

वाशिष्ठीत मगरी आहेत हे चिपळूणकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मालदोली भागात त्या दाखवायला होड्या निघतात. विकणाऱ्याने मात्र त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मगर बघायची तर ओहोटीलाच, थंडीत सकाळी, उघड्या चिखलावर ती ऊन खात पडलेली असते तेव्हा. आणि बघायची होडीत बसून. विकत घ्यायची होडी मात्र भरतीला बघायची. ही दोन कामं एका फेरीत बसत नाहीत. कोणी बसवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

ओहोटीला बोलावण्यामागे हिशेब होता. तळ चिखलात रुतलेला, त्यामुळे खालून काही दिसत नाही, आणि ट्रायलही घेता येत नाही. तरीही त्या माणसाने ट्रायलच्या डिझेलचे पंधराशे रुपये मागितले. होडीला आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, होतं पेट्रोलचं! त्याशिवाय "होडी दाखवायला माणसं लागली" म्हणून आणखी पाचशे. मी एक रुपयाही दिला नाही, तुम्हीही देऊ नका. होडी बघण्याचे पैसे नसतात. ट्रायलचं इंधन टाकीत आपल्यासमोर पडत असेल तर तेवढ्याचेच द्यावेत.

तिथे उभ्या उभ्या जे तपासता आलं तेवढ्यानेच निकाल लागला. पाच रुपयांच्या नाण्याने फायबरवर वीत-वीत अंतरावर ठोकत गेलो. चांगलं फायबर टणटणीत वाजतं. जिथे आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलंय. मागच्या फळीशी, म्हणजे जिथे इंजिन टांगतात तिथे, आवाज सगळीकडे बद्द. इंजिनाचा खालचा भाग धरून जोरात हलवला तर फळीही त्याच्याबरोबर हलली. तेवढ्याच भागावर ताजा निळा रंग होता. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू थोडा सैल केला तर दुधाच्या चहासारखं तेल आलं, म्हणजे सील गेलेलं आणि आत पाणी. शेवटी इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. जुळत नव्हता. यातली एक गोष्टही आढळली तर भावाची घासाघीस करत बसू नका, निघून या.

त्याआधी हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहिला, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. दोन्ही छान, दोन्हीला त्रास काहीच नाही. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गाडीसकट पार व्हा, फार मोठा वळसा वाचतो.

पुढे थेट मालवणजवळचं देवबाग. जावंच असं ठिकाण आहे, मी कोणालाही डोळे मिटून सांगेन. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे एका नाखव्याची वीस फुटी होडी बघायची होती. त्याने स्वतःच भरतीची वेळ दिली. इंजिन गार होतं, हात लावून खात्री केली. आधीच तापवून ठेवलं असतं तर चालू व्हायला कुरकुरतं की नाही ते कळलं नसतं. दोरी ओढल्यावर दुसऱ्या झटक्याला सुरू झालं आणि मागून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार सलग पडायला लागली. धार तुटक असेल तर पंप आधी बदलावा लागणार, हे गृहीत धरा.

मुखाबाहेर डॉल्फिन आले. पाठीवर उंचवटा असलेले, दोन मोठे आणि त्यांना चिकटून एक पिल्लू. नाखव्याने लगेच इंजिन न्यूट्रलला टाकलं. त्यांच्या अंगावर होडी घालायची नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. ते आमच्याभोवती फिरत होते तेवढा वेळ इंजिन एकदाही गचके न खाता मंद चालत राहिलं. यापेक्षा चांगली ट्रायल मला मिळाली नसती. पिल्लू वर येऊन श्वास सोडायचं त्याचा फुस्स आवाज त्या मंद चालीतही स्पष्ट ऐकू येत होता. किंमत मी तिथेच पाण्यावर ठरवली, आणि मला ती जास्त वाटत नाही.

पैसे मात्र कागद पाहिल्यावरच. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, होडीवर मच्छीमार सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज आहे का आणि इंजिनाचा नंबर कोणता, हे मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. मासेमारीचा परवाना हा वेगळा विषय, तो मत्स्यव्यवसाय खात्याकडे. होडीबरोबर तोही आपोआप मिळतो, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

फक्त होडीच घ्यायची असेल तर मेअखेर जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायला घेतात. तेव्हा तळ उघडा असतो आणि नाखवा घरी असतो. शाकारून माडाच्या झावळ्यांची झापं चढण्याआधी पोचा.