आधी अँपिअरचा हिशेब, मग पक्कड

कुणाचीही मोटरसायकल जादा वायरिंगसाठी माझ्यापुढे आली की मी सगळ्यात आधी बॅटरीच्या प्लसच्या बोल्टखाली किती थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोप्या) आहेत ते बघतो. कंपनीतून आलेलं एक, फार तर दोन. बाकीची मागाहून आलेली: फोनच्या चार्जरचं एक, फॉगलॅम्पचं एक, मोठ्या हॉर्नचं एक, आणि एखादं असं की ती वायर कुठे जाते हे मालकालाही सांगता येत नाही. गाडीवर वस्तू बसवायला माझा विरोध नाही. रात्रीचा लांबचा पल्ला असेल तर उजेड हवाच, आणि नकाशा बघत जायचं तर फोन चालू राहिला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीने बांधून दिलेला वायरींचा जुडगा, कुठेही न कापता बॅटरीपासून आपली एक वेगळी लाइन काढायची आणि जे काय बसवायचं ते तिच्यावर घ्यायचं. मित्रांच्या गाड्यांचं काम करताना मी या एका गोष्टीवर अडून बसतो.

सुरुवात मात्र वहीपासून. बहुतेक मोटरसायकलींत इंजिनच्या बाजूच्या झाकणाखाली स्टेटर (वीज बनवणारी तांब्याची वेटोळी) असतो, आणि त्याच्याभोवती चुंबक बसवलेलं फ्लायव्हील फिरतं. चुंबक कायमचं, त्यामुळे वीज किती बनवायची हे गाडीच्या हातात नाही. जेवढं इंजिन फिरेल तेवढी वीज बनणार. गरजेपेक्षा जास्त झालेली वीज बहुतेक गाड्यांतला शंट पद्धतीचा रेग्युलेटर स्टेटर शॉर्ट करून उष्णतेत घालवतो, म्हणून त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमचे पंख असतात. छोट्या गाड्यांचा स्टेटर शंभर-दोनशे वॉटचा, मोठ्या टूरिंग गाड्यांचा चारशेच्या पुढचा. आणि सर्व्हिस मॅन्युअलमधला तो आकडा ५००० आरपीएमसारख्या वेगावरचा असतो. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत तेवढी वीज नसते.

आता त्यातून गाडीचं स्वतःचं खाणं वजा करा. हॅलोजनचा एच-४ बल्ब ५५ किंवा ६० वॉट, त्यावर टेललॅम्प, ब्रेकलाइट, इग्निशन, आणि इंजेक्शनची गाडी असेल तर फ्युएल पंप आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर). उरलं ते तुमचं. बसवायच्या वस्तूंचे वॉट भागिले १२ केले की अँपिअर मिळतात. वीस-वीस वॉटचे दोन एलईडी दिवे म्हणजे सव्वातीन अँपिअर, ३६ वॉटचे गरम ग्रिप म्हणजे तीन, वीस वॉटचा यूएसबी चार्जर आतला थोडा व्यय धरून दोनच्या आसपास. झाले सव्वाआठ. गरम जॅकेट एकटंच साठ-नव्वद वॉट मागतं, ते छोट्या गाडीवर घ्यायचं तर बाकीचं काहीतरी सोडावं लागेल.

वहीतला हिशेब खरा ठरतो का, ते मल्टिमीटर सांगतो. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी इंजिन बंद ठेवून काही तासांनी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन थोडं रेस केलं की १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. मग सगळं जादा सामान चालू करा आणि इंजिन स्लोवर सोडा. माझ्या सिंगल सिलिंडर गाडीवर दिवे आणि ग्रिप दोन्ही चालू असताना स्लोवर १२.९ उरतात आणि एक्सलरेटर जरा ओढला की १३.९ वर जातात. हे मला चालतं. स्लोवर १२.५ आणि त्याखाली गेलं तर बॅटरी रिकामी होत चालली आहे, आणि अशी गाडी घेऊन गर्दीतून तासभर रांगत जाणं म्हणजे पुढच्या सेल्फ स्टार्टवर पाणी सोडणं.

एक प्रकार वेगळा सांगायला हवा. काही जुन्या आणि छोट्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो स्टेटरवरून थेट एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, चालतो. खूण सोपी आहे: इंजिन बंद असताना हेडलाइट लागत नाही, आणि एक्सलरेटरबरोबर उजेड कमी-जास्त होतो. अशा गाडीत हेडलाइटच्या वायरवरून चार्जर किंवा रिले (छोट्या करंटने चालू होऊन मोठा करंट सोडणारा स्विच) घेतला की रिले तडतडतो आणि चार्जर जळतो, कारण त्या वायरमध्ये डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज, नाहीच. शिवाय बॅटरीकडे जाणारं चार्जिंगही तुटपुंजं असतं. अशा गाडीवर फोनचा चार्जर आणि एखादा छोटा एलईडी दिवा, यापुढे मी कुणाला जाऊ देत नाही.

आता लाइन. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथून रिले, आणि रिलेतून छोट्या फ्यूज बॉक्सकडे. वरच्या हिशेबाला मुख्य फ्यूज १५ अँपिअरचा, म्हणजे निळा. पुढे दिव्यांना पाच, ग्रिपना पाच, चार्जरला तीन. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी असतो असं पुष्कळांना वाटतं. तो वायरला वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळ हवा आणि वायर जेवढी सोसेल त्याच्या आतला हवा. फ्यूज हँडलजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच, म्हणजे फ्यूजच्या संरक्षणाविना, राहिली.

ही उघडी वायर काय करते ते मी एका मित्राच्या गाडीवर टाकी काढून पाहिलं आहे. फॉगलॅम्पची वायर कुणीतरी बॅटरीवरून विनाफ्यूज, टाकीखालून थेट पुढे नेली होती. हँडल वळेल तशी ती स्टिअरिंग हेडच्या पत्र्याच्या कडेवर घासत राहिली आणि एक दिवस तांबं पत्र्याला लागलं. वायरचं आवरण टोकापासून टोकापर्यंत गळून गेलं होतं, आत तांबं काळं पडलेलं, आणि जिथे जिथे ती हार्नेसला केबल टायने बांधली होती तिथे हार्नेसच्याही चार-पाच वायरी एकमेकींत वितळून चिकटल्या होत्या. वर पेट्रोलची टाकी. दहा अँपिअरच्या लाल फ्यूजने हे सगळं पहिल्याच ठिणगीला थांबवलं असतं.

रिलेच्या तळाशी आकडे कोरलेले असतात, डिन ७२५५२ या जर्मन मानकातले. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून वस्तूंकडे, ८५ मायनसला आणि ८६ ला किल्लीवर चालू होणारा प्लस, म्हणजे रिलेला चालू होण्याचा इशारा. ८७ए लिहिलेली पिन असेल तर ती मोकळी सोडा, रिले बंद असताना तिथे करंट असतो. रिलेच्या कॉइलला दीडशे-दोनशे मिलीअँपिअर पुरतात, त्यामुळे ज्या वायरवरून आपण इशारा घेतो तिला भार जाणवत नाही. खरा करंट बॅटरीवरून जातो. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो जिरवायला आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले मिळाला तर घ्या, आणि मग ८५-८६ ची अदलाबदल अजिबात करू नका. साधा रिले असेल तर १एन४००७ डायोड कॉइलला समांतर लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे.

इशारा कुठून घ्यायचा? मला टेललॅम्पचा कप्लर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) आवडतो. तो सीटखाली हाताशी असतो आणि त्याच मापाचा नर-मादी कप्लर आणून मध्ये वाय जोडणी करता येते, एकही वायर न कापता. हेडलाइटवरून घेतला तर एक फायदा आहे: बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट बंद होतो, त्या वेळी बॅटरी दहा व्होल्टपर्यंत खाली येते, आणि आपलं सामानही तेवढ्यापुरतं बाजूला राहतं. मात्र कॅन बसवर (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी ज्या वायरींवरून बोलतात त्या जाळ्यावर) चालणाऱ्या नव्या गाड्यांत हेडलाइटला हात लावू नका. तिथला कंट्रोलर प्रत्येक लाइनवरचा करंट बघत असतो, अनोळखी भार दिसला की लाइन तोडतो किंवा गाडीच्या मीटरवर दोष दाखवतो. अशा गाड्यांना कंपनीने बहुधा ॲक्सेसरीचा वेगळा कप्लर दिलेला असतो. त्याची अँपिअरची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघायची आणि त्याच्यावर फक्त रिलेची कॉइल चालवायची.

निळी-लाल प्लास्टिकची क्लिप येते ना, दोन वायरी आत घालून पक्कडीने दाबायची, ती मोटरसायकलवर नको म्हणजे नको. तिच्यातली पत्र्याची पाती आवरण फाडून तांब्यात शिरते आणि शिरताना काही तारा कापते. पावसाचं पाणी त्याच फटीतून आत जातं. जुनी क्लिप उघडली की आत हिरवी भुकटी सापडते आणि सात तारांतल्या तीन शिल्लक असतात.

जोडाबद्दल माझं मत ठाम आहे: क्रिंप, म्हणजे थिंबल तारांवर दाबून पक्कं करणं, आणि तोही रॅचेटच्या पक्कडीने (दाब पुरा होईपर्यंत न सुटणाऱ्या). सोल्डर दिसायला सुबक होतो, पण कथिल तारांच्या आत वर चढतं आणि वायर जिथे कडक व्हायची थांबते नेमक्या त्या रेषेवर इंजिनाच्या कंपनांनी तुटते. चांगला क्रिंप जवळून बघा. थिंबलच्या पुढच्या टोकातून तांब्याचा मिलिमीटरभर भाग बाहेर दिसतो, मागे आवरणाला वेगळी मिठी असते, आणि मधला दाब इतका सारखा असतो की तारा आणि पत्रा यांच्यामध्ये फट दिसत नाही. मग जोरात ओढून बघायचं. सुटला तर बरंच झालं, टेबलावर सुटला. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवायची आणि कडेला गोंद बाहेर येईपर्यंत तापवायची. उन्हाने चिकट होऊन सुटणारी काळी टेप मी वापरत नाही, बाहेरून गुंडाळायला कापडी हार्नेस टेप वापरतो.

वायरच्या जाडीकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. समजा बॅटरी ते दिवा अंतर दोन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.१४ ओहम होतो. ५५ वॉटचा हॅलोजन साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. हॅलोजनला व्होल्टेज पाच टक्के कमी मिळालं की उजेड पंधरा टक्क्यांच्या आसपास पडतो. तीच वायर १.५ ची घेतली तर तूट ०.२ वर येते. काम झाल्यावर दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं दिव्याच्या प्लसला लावा. दाखवेल ती प्लसच्या बाजूची तूट. तसंच मायनसच्या बाजूलाही करा, तिथली तूट अनेकदा जास्त निघते, कारण मायनस चेसिसच्या रंगावर कसलेला असतो. मी मायनसचीही वायर बॅटरीपर्यंत आणतो.

वायर नेताना मूळ हार्नेसच्या वाटेनेच न्या, कंपनीने ती वाट सायलेन्सरपासून दूर आणि टाकीखाली न चिरडणारी निवडलेली असते. स्टिअरिंगपाशी सैल वळसा ठेवा आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. इंजिन स्लोवर ठेवून वळवा: आवाज बदलला तर काहीतरी ओढलं जातंय, बहुधा एक्सलरेटरची केबल. गरम ग्रिप असतील तर उजव्या बाजूची वायर एक्सलरेटरबरोबर फिरते, तिला तिथे वेगळी ढील लागते, आणि एक्सलरेटर सोडल्यावर तो स्वतःहून परत येतो ना हे तपासल्याशिवाय गाडी हलवू नये.

फोनच्या बाबतीत एक पुरवणी. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती की मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलींची कंपनं हँडलवरून थेट पोहोचली तर आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. कंपनं शोषणारा माउंट घ्या, कुठल्याही कंपनीचा फोन असो.

सगळं जोडताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, म्हणजे प्लसवरचा पाना चेसिसला लागला तरी ठिणगी पडत नाही. मायनस परत कसण्याआधी एक तपासणी उरते. किल्ली बंद ठेवून मीटर अँपिअरवर, दहाच्या रेंजला, बॅटरीचा मायनस आणि त्याची केबल यांच्यामध्ये लावा. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही आणि सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा बारीक दिसला की मिलीअँपिअरच्या रेंजवर या. घड्याळ आणि ईसीयू यांच्यापुरते काही मिलीअँपिअर दिसणं साहजिक आहे. पण व्होल्टमीटर असलेला एखादा चार्जर रिले सोडून थेट बॅटरीवर असेल तर तो एकटाच वीस मिलीअँपिअर पीत बसतो. आठ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने ४०० तासांत, साडेसोळा दिवसांत तळाला जाते, आणि गाडी सुरू होणं त्याच्या बरंच आधी थांबतं. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजवर तो खाली येईल त्या लाइनवरची वस्तू काढून रिलेच्या ८७ वर घ्या आणि पुन्हा मोजा.