राख विटकरी रंगाची होती

राखेच्या टेस्टचं क्रुसिबल (उष्णता सोसणारी छोटी वाटी) मफल भट्टीतून काढून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न लागता थंड करायच्या भांड्यात, ठेवलं तेव्हाच राखेचा रंग खटकला. पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या कपाशीच्या झाडांपासून, आम्ही ॲक्टिव्हेटेड कार्बन बनवतो; त्याची राख पांढुरकी-करडी पडते, रोज बघते मी ती. ही विटकरी होती. थंड झाल्यावर वजन केलं तर 14 टक्के. आमचा माल ॲसिडनं धुतल्यावर सहाच्या आसपास येतो आणि गिऱ्हाईकाची अट आहे आठच्या आत. आयोडीन नंबर, म्हणजे कार्बन किती शोषून घेतो त्याचं माप, तोही 770 आला, नेहमी 840 असतो, अट किमान 800 ची. तोवर गाडी लातूरकडच्या एका तेल रिफायनरीच्या गेटवर उभी होती, कारण आमच्याकडं आधी गाडी जाते आणि मग रिपोर्ट मागतात, हे मी कितीदा बोलून दाखवलंय. त्यांच्या लॅबनं पण तेच आकडे काढले आणि माल परत.

आमचं युनिट जालन्याजवळ आहे. जालना म्हटलं की लोकांना स्टील आणि बियाणं आठवतं, इथं ॲक्टिव्हेटेड कार्बन बनतो म्हटलं की "म्हणजे कोळसाच ना" म्हणतात. कोळसाच, पण 850-900 डिग्रीला वाफ देऊन आतून पोखरलेला, एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग, त्या छिद्रांत तेलाचा-पाण्याचा रंग, वास जाऊन चिकटतो. चांगला माल नारळाच्या करवंटीचा म्हणतात, ती दक्षिणेकडून येते. आपल्याकडं करवंटी नाही पण पऱ्हाटी आहे. परतूर, मंठा, घनसावंगी, गेवराई, सेलू, कुठंही जा, कापूस संपला की बांधावर पऱ्हाटीचे ढीग पेटलेले दिसतात. ते बघून जीव तुटतो माझा, या कामाला लागायचं कारणही तेच.

तर शेठनी सगळ्यात आधी किल्नवाल्या (किल्न म्हणजे कार्बन बनवायची भट्टी) मामांना धरलं. किल्नचं सील गळतंय, हवा आत जातीय, कार्बन जळून जातोय म्हणून राखेचा टक्का वाढला, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं, कारण कार्बन जास्त जळला की राख तेवढीच राहते आणि टक्का चढतो. मामा बिचारे गप्प उभे, इतकी वर्षं किल्नच्या तोंडाशी काढलेला माणूस, ज्वाळेच्या रंगावरून टेंपरेचर सांगतो आणि थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) बघितलं तर दहा-वीस डिग्रीचाच फरक निघतो.

मी बॅच रजिस्टर काढलं. कार्बन जळाला असता तर माल कमी निघायला पाहिजे होता ना? इथं उतारा उलट थोडा वाढलेला. जळून वजन वाढत नसतं. म्हणजे मालात काहीतरी जादा आलं होतं. मग शेठ म्हणाले, धुलाई नीट झाली नसंल, परत धुवा. मी लॅबमध्ये थोडा माल घेऊन गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये चांगला उकळून धुतला, राख जेमतेम अर्ध्या टक्क्यानं उतरली. ॲसिडनं पोटॅश जातं, कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं, म्हणजे झाडाची स्वतःची राख बरीचशी निघून जाते. जे ॲसिडला दाद देत नाही ते झाडातलं नसण्याचीच शक्यता जास्त.

मग ॲसिडमध्ये न विरघळणारी राख काढली. ही टेस्ट आमच्याकडं कोणी मागत नाही, गिऱ्हाईकाच्या कागदावरही नसते, पण मला ती आयोडीनपेक्षा जास्त बोलकी वाटते. राख बीकरमध्ये पातळ ॲसिडात उकळायची, बिनराखेच्या फिल्टर पेपरवर गाळायची, क्लोराइड जाईपर्यंत गरम पाण्यानं धूत राहायचं (सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघायचं, गढूळ झालं की अजून धुवा), मग पेपरसकट परत मफलमध्ये. घाईघाईत पेपर पेटला तर राख उडते आणि सगळी मेहनत वाया, म्हणून आधी हळूहळू कोळसा होऊ द्यायचा. खाली उरलं ते मूळ राखेच्या निम्म्याहून जास्त होतं, बोटावर घेतलं तर खरखरीत, रंग तोच. आपली काळी माती भाजली की त्यातल्या लोखंडामुळं अशीच लालसर होते, विटा भाजताना बघितलंय सगळ्यांनी.

आता बाहेरच्या माणसाला पटत नाही ते सांगते. 100 किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून आधी कोळसा निघतो 28-30 किलो, वाफेखाली त्यातलाही निम्म्याहून जास्त जातो, हातात येतो 12-13 किलो कार्बन. पण माती जळत नाही, ती जेवढी आत गेली जवळपास तेवढीच बाहेर येते. म्हणजे पऱ्हाटीबरोबर शंभराला एक किलो माती आली तर तयार मालात ती आठ टक्के होऊन बसते. टनामागे दहा किलो, एक घमेलंसुद्धा नीट भरत नाही. तेवढ्यानं अख्खा लॉट गेला. आयोडीनही त्याच हिशोबानं उतरला, कारण एक ग्रॅम म्हणून जे टायट्रेट करतोय त्यातला तेवढा भाग कार्बनच नाही. रिफायनरीचं तरी काय चुकलं, ते तेलात ब्लीचिंग अर्थ म्हणजे मातीच घालतात पण ती धुतलेली-तपासलेली, आमच्या मालातून लोखंड तेलात उतरलं की तेल लवकर खवट होतं.

रिपोर्ट घेऊन मी यार्डात गेले. एक पऱ्हाटी उचलून सिमेंटवर आपटली, मुळातून ढेकूळ पडलं. दुसरी, तिसरी, तेच. हा माल अवकाळी पाऊस झाल्यावर आलेला, ओल्या रानातून चिमट्यानं उपटलेला. वाळल्या रानात सोटमूळ बऱ्यापैकी स्वच्छ निघतं, ओल्यात काळी माती मुळाला लपेटून येते आणि वाळली की दगड होते.

पऱ्हाटी आणणारे बापू तिथंच होते, ते गावातून माल गोळा करून देतात, त्यांची स्वतःचीही पाच एकर कपाशी. शेठनी त्यांच्यावर आवाज चढवला, वजनासाठी माती भरता का म्हणून. बापू शेठना काहीच बोलले नाहीत, माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, मुळासकट काढा म्हणून कृषी सहायक सांगून गेलेत. आन तुमी म्हणता मूळ नगं. आमी कुनाचं ऐकायचं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. कारण कृषी खात्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढं राखणं) ठेवू नका, पऱ्हाटी वेळेत मुळासकट काढा, नाहीतर किडक्या नख्यांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि पुढच्या हंगामात परत उठते. बुडापासून विळ्यानं कापली तर आम्हाला स्वच्छ माल मिळतो, पण रानात खुंट राहतो, ओल मिळाली की फुटतो आणि अळीला परत सोय. आमच्या राखेच्या टक्क्यांसाठी मी कोणाला खुंट ठेवा म्हणून सांगणार नाही, माझ्या माहेरी पण कपाशीच आहे.

शेठचा निर्णय मात्र त्याच दिवशी झाला, गाडीमागं सरसकट माती-कपात. मला हे अजिबात पटलेलं नाही. मोजायचं काही नाही, सगळ्यांचंच कापायचं, मग जो माणूस पऱ्हाटी आठ-पंधरा दिवस वाळवून, आपटून, झटकून आणतो त्याला काय मिळणार? आपटायला मजूर लागतो, त्याची मजुरी कोण देणार? आणि शेतकऱ्याला रान मोकळं करायची घाई असते. कपात बघून तो सरळ काडी लावून मोकळा होईल, मग किल्नमध्ये काय घालायचं, हा हिशोब ऑफिसात बसून कोणी करत नाही. खरेदीवाल्यांना वजनकाट्याच्या पलीकडं दिसत नाही, आमच्या काय आणि गिऱ्हाईकाच्या काय.

मी दोन गोष्टी मांडल्यात. एक, चिपरच्या (पऱ्हाटीचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या) आधी फिरती गोल जाळी, वाळलेली पऱ्हाटी त्यात घोळली की ढेकळं फुटून खाली पडतात. लोखंडाच्या टाकाऊ ड्रमला मोठे होल पाडून मामांनी आणि मी छोटा प्रयोग केला, त्या मालाची राख धुतल्यावर सातच्या आत आली. ओला माल मात्र जाळीत घालायचा नाही, माती सालीत अजून बसते. दुसरं म्हणजे गाडी उतरतानाच सॅम्पल घेऊन माती काढायची आणि त्याप्रमाणं भाव, स्वच्छ मालाला जास्तीचा. बापूंना हे पटलं, फक्त ते म्हणाले, "तपासताना आमचा बी मानूस हुबा ऱ्हाईल." राहू दे की, मी तर म्हणते राहायलाच पाहिजे.

परत आलेला लॉट एका सांडपाणी प्रक्रियेच्या कामाला कमी भावात गेला, तिथं राखेची अट सैल असते. मामांवरचा आळ गेला पण त्यांना कोणी साधं "चुकलं आमचं" म्हटलं नाही, हे मला आतून लागलंय. जाळीचं कोटेशन शेठच्या टेबलावर आहे. कपातीचा बोर्ड गेटवर लागलाय, तो काढावा असं मी इन्सॉल्युबलच्या, म्हणजे ॲसिडमध्ये न विरघळणाऱ्या राखेच्या, रिपोर्टची कॉपी जोडून लेखी दिलंय.